बाक्सोवाला गावी गेला की

बाक्सो, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचा रस्सा, घरी करावा, असं जकार्तात एरवी फारसं कुणाच्या मनात येत नाही. का यावं? हातगाडीवाला वाडग्यावर चमचा वाजवत थेट फाटकाशी येतो. काचेच्या कपाटात मांसाचे गोळे आणि पिवळ्या शेवया, खाली पातेल्यात वाफाळता रस्सा, कोंबड्याचं चित्र काढलेले वाडगे. घरच्यांनी फक्त भूक घेऊन बाहेर यायचं. हे गाडीवाले इतके सर्वव्यापी, की बाक्सोवाल्याच्या हाती वॉकीटॉकी दिसला तर तो गुप्त पोलीस समजावा, हा तिथला ठेवणीतला विनोद आहे. बराक ओबामांचं बालपण काही वर्षं याच शहरात गेलं. २०१० साली अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून ते इंडोनेशिया विद्यापीठात बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी साते आणि बाक्सो विकणाऱ्यांची आरोळी ठोकून दाखवली आणि टाळ्या वसूल केल्या. बाक्सो घरी कसा करतात, यावर मात्र अध्यक्ष महोदय गप्प राहिले.

पंचाईत होते लेबारानला, म्हणजे रमजान ईदला. बाक्सोवाल्यांची मोठी फौज मध्य जावातल्या वोनोगिरीची, आणि गणपतीला चाकरमानी कोकणात जावा तशी ती सणाला गावी जाते. नेमके तेव्हाच शहराला बाक्सोचे डोहाळे लागतात. ईदच्या सकाळपासून नारळाच्या दुधातली कोंबडी आणि रेंदांग, म्हणजे मसाल्यात आटवलेलं मांस, हाणून झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी जीभ पातळ, तिखट, आंबट काहीतरी मागते. उघड्या असलेल्या मोजक्या दुकानांपुढे झुंबड उडते.

म्हणून धोरणी कुटुंबं सणाआधीच मांस घेऊन गिरणी गाठतात. हो, गिरणीच. इंडोनेशियातल्या बाजारांत मांस वाटून देणारी गिरणी असते. आपलं मांस, लसूण आणि पीठ घेऊन रांगेत उभं राहायचं. गिरणीवाला त्यात बर्फ घालून गुळगुळीत लगदा करून देतो. आपल्या दळणात पुढच्याचं मिसळलं तर नाही ना, ही चिंता रांगेत उभं राहून ज्याची त्याने करायची.

खरे हौशी गिरणीही टाळतात आणि घरच्या मिक्सरवर विसंबतात. इथून पुढे स्वयंपाक संपतो आणि पदार्थविज्ञान सुरू होतं. बाक्सोचा गोळा दाताखाली उसळी मारणारा हवा. कबाबासारखा भुसभुशीत झाला की संपलं. ही उसळी मिठातून येते. अर्धा किलो मांसाला दोन चहाचे चमचे मीठ घालून वाटलं, की स्नायूंमधलं मायोसिन हे प्रथिन सुटतं, चिकट होतं आणि शिजताना सगळं धरून ठेवतं. अट एकच: लगदा गार राहिला पाहिजे. मिक्सर तापला की लगदाही तापतो, चरबी सुटून वेगळी होते आणि गोळ्याचा रवा होतो. म्हणून मांस अर्धवट गोठलेलं घ्यायचं, पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालायचा आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. ही कटकट नको म्हणून काही लबाड विक्रेते चक्क टाकणखार घालतात. खाद्यपदार्थांत त्याला तिथे बंदी आहे, तरी तपासणीत तो सापडत राहतो.

पीठ घालायचं ते टॅपिओकाचं. ज्या कंदापासून आपला उपवासाचा साबुदाणा होतो, त्याच कंदाचं हे पीठ मांसाच्या गोळ्यात जाऊन बसतं. कंदाला सोवळंओवळं नसतं. पन्नास-साठ ग्रॅम पुरे. हात सैल सुटला तर जो गोळा होतो त्याने पेन्सिल खोडता येते. मूळ पदार्थ गोमांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचंही मांस बंद असल्याने इथल्या हौशींनी कोंबडी घ्यावी. कोंबडीचा बाक्सो इंडोनेशियातही होतो, त्यामुळे अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

लगदा डाव्या मुठीत धरून दाबायचा, अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर आला की चमच्याने उचलून गरम पाण्यात सोडायचा. पाणी खळखळतं नको. वर तरंगला की गोळा शिजला. गाडीवाला हे बोलता बोलता करतो. नवशिक्याच्या प्रत्येक गोळ्याला शेपूट फुटतं. आत उकडलेलं अंडं घातलेला टेनिसच्या चेंडूएवढा बाक्सो पहिल्याच दिवशी करायला जाऊ नये.

पांग्सित, म्हणजे वॉन्टन, ही पूर्व जावातल्या मालांग शहराच्या बाक्सोची शान. तळलेला, उकडलेला, दोन्ही एकाच वाडग्यात. पाऱ्या तयार विकत घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. सारण चमचाभरच, कडेला पाण्याचं बोट, आतली हवा काढून टाकायची, नाहीतर कढईत पोट फुटतं. तळलेले पांग्सित आधीच रश्श्यात बुडवणाऱ्याला मात्र स्वयंपाकघरातून हाकलावं. ते खाताना बुडवायचे. अर्थात वाडग्यापर्यंत पोचले तर. घरातली माणसं ते ताटातूनच पळवतात.

उरला रस्सा. नळीची हाडं मंद आचेवर तासन्‌तास ठेवायची, फेस काढत राहायचं, तळलेला लसूण आणि पांढरी मिरी घालायची, वरून सेलरीची पानं आणि कुरकुरीत तळलेला कांदा. दिवसभर राखलेला हा नितळ रस्सा पाहुण्यापुढे येतो. पाहुणा अस्सल जकार्ताचा असतो. एक घोटही न घेता तो त्यात गोड सोया सॉस ओततो, मग लाल मिरचीचा सॉस, मग व्हिनेगर, मग तीन चमचे सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा. रस्सा तपकिरी झाल्यावर चव बघतो आणि विचारतो, मीठ आहे का?