घरचा सर्व्हरवाला

घरचा सर्व्हरवाला हा अमरावती-यवतमाळ रस्त्यावरच्या नेरसारख्या तालुक्याच्या गावी आढळणारा, चाळिशीच्या अलीकडचा-पलीकडचा, बहुधा नोकरदार इसम होय. गावात तो एकटाच असलेला बरा. दुसरा निघाला, तर घरच्या सर्व्हरसाठी जेलीफिन हे सॉफ्टवेअर चांगलं की नॅव्हिड्रोम यावरून दोघांत अबोला ठरलेला.

त्याची इस्टेट म्हणजे गाणी. मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घ्यायच्या काळात या साठ्याचा पाया पडला. म्हणून निम्म्या गाण्यांना गायकाच्या जागी कुठल्याशा वेबसाइटचं नाव चिकटलेलं असतं. पुढे तो सीड्या फ्लॅक या फाइल-प्रकारात उतरवून घेतो. यात आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा साधारण निम्मी लागते. मग एखादा जुना लॅपटॉप, किंवा २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचा एखादा वंशज, देवघरावरच्या फळीवर बसतो आणि त्यावर नॅव्हिड्रोम चढतं. इथवरचं काम एका रविवारचं. फोनवर ते ऐकायला ॲप शोधणं, हे पुढच्या आयुष्याचं.

शोध लांबतो त्याला कारण आहे. सिंड्रे मेहुस या नॉर्वेच्या गृहस्थांनी सबसॉनिक नावाचा सर्व्हर लिहिला. ॲपने सर्व्हरकडे गाणं कसं मागायचं, याची त्यातली रीत पुढे नॅव्हिड्रोमसह इतर सर्व्हरांनीही उचलली. त्यामुळे ती रीत पाळणारं कोणतंही ॲप नॅव्हिड्रोमवर चालतं. एकच ॲप असतं तर या माणसाने मुकाट्याने वापरलं असतं. पण आहेत ढीगभर. डीसब, अल्ट्रासॉनिक, टेम्पो, सबस्ट्रीमर. आयफोनवाल्या साळ्यासाठी अँपरफाय आणि प्लेसब. सिम्फोनियम भारी, पण विकतचं. हार्ड डिस्कवर हजारो रुपये घालणारा हा माणूस तिथे मात्र ‘पाहू’ म्हणतो, आणि फुकट चाचणीची मुदत संपेपर्यंत पाहतच राहतो.

ॲपची पहिली परीक्षा एसटीत होते. यवतमाळच्या वाटेवर नेटवर्क गेलं की गाणं थांबतं, म्हणून गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवता आली पाहिजेत. डेटा वाचवायला सर्व्हरने जाडजूड फ्लॅक वाटेतच बारीक ऑपस करून पाठवावं, हीही अट असते. पण खरा कस लागतो तो देवनागरीत. कलाकारांची यादी लावताना नॅव्हिड्रोम नावापुढचं इंग्रजी ‘द’ आणि स्पॅनिश ‘एल’, ‘लॉस’ अदबीने बाजूला ठेवतं. मराठी लिपीतली नावं मात्र वर्णमाला न पाहता ‘#’ या एकाच खोलीत कोंबतं. तिथे कुमार गंधर्व आणि वामनदादा कर्डक शेजारी-शेजारी बसतात. त्याला हरकत नाही. तुकडोजी महाराज मात्र एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये आणि एकदा ‘राष्ट्रसंत’ लावून, असे तीन ठिकाणी निघतात. खंजिरी भजनं तिघांत वाटली गेलेली. दोष गाण्यांना चिकटवलेल्या नावांचा, म्हणजे टॅगांचा असतो, ते दुरुस्त करता येतात. पण त्यापेक्षा नवं ॲप उतरवणं सोपं.

प्रत्येक ॲपची परीक्षा एकाच गाण्याने, तीही पहिल्या वीस सेकंदांपुरती. घरच्यांना त्या गाण्याचा सुरुवातीचा वाद्यमेळ तोंडपाठ आहे, शब्द अजून कोणी ऐकलेले नाहीत. “काहून रे,” आई विचारते, “याच्या पुढचं गाणं भरलंच नाही का तुयाजवळ?”

घराबाहेरून सर्व्हर गाठणं हे आणखी एक प्रकरण. अनेक इंटरनेट कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यावर कितीतरी ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून नेमकं आपलं दार ठोठावता येत नाही. त्यावर टेलस्केल या खाजगी जाळ्याचा आडमार्ग निघतो, आणि पुण्यात शिकणारा भाचाही सर्व्हरला जोडला जातो. सगळ्यांत जास्त गाणी तोच ऐकतो. ॲप कोणतं, हे त्याला सांगता येत नाही. मामाने टाकून दिलेलं असतं ते.

भाच्यामुळे एक सोय झाली. मामा हापिसात असताना नेरात वीज गेली, की बातमी पुण्याहून येते: “मामा, लाइन गेली का?” लाइन आल्यावर सर्व्हर आपोआप उठतो, बाहेरून लावलेली हार्ड डिस्क मात्र कधीकधी उठत नाही. ॲपमध्ये एकही गाणं दिसत नाही. सर्व्हरवाला ॲप काढून टाकतो आणि दुसरं शोधायला बसतो.