परवानगीची बाटली

१६१५ च्या नोव्हेंबरात सर टॉमस रो हा इंग्रज वकील बऱ्हाणपुरात आला. मुघल शहाजादा परवेजकडे त्याने व्यापाराची परवानगी मागितली. नजराण्यात दारूच्या बाटल्या होत्याच. परवानगी मिळाली, शहाजादा पिऊन आडवा झाला. रो इथेच तापाने फणफणला, पण कोरोनाचा निगेटिव्ह रिपोर्ट कोणी मागितला नाही.

पुढे परवानगी मागायची पाळी आपल्यावर आली. २२ जून २०२० रोजी ट्रम्पसाहेबांनी अमेरिकेच्या नव्या एच-१बी व्हिसांना वर्षअखेरपर्यंत कुलूप ठोकलं. बऱ्हाणपूरचा इंजिनीअर ऑफर लेटर लॅमिनेट करून घरी बसला. वर अर्धा टॉवेल, खाली बर्मुडा. सोबतीला शेजारच्या काकूंचं रोजचं ‘कधी निघतोस रे?’

जुनी वहिवाट म्हणून एखादी बाटली धाडावी, तर हे साहेब नेमके दारूला शिवत नाहीत!