चढावर कट मारणाऱ्या साहेबांस

जयस्तंभाकडून मारुती मंदिराकडे निघालेल्या पांढऱ्या गाडीचे मालक यांस,



परवा सकाळी आपण शाळेला निघालेल्या एका सायकलीची जी दखल घेतलीत, त्याबद्दल आभार. आधी तीन हॉर्न, मग लांबवलेला चौथा, आणि मुलीच्या कोपरापासून चार बोटांवरून आरसा नेत मारलेला कट! पुढे वीस पावलांवर गाडी डावीकडे दाबून आपण उतरलात. वडापावसाठी. अँब्युलन्सची घाई लोकांना समजते. वड्याची समजायला अजून वेळ लागेल.

साहेब, चढावर सायकल सरळ जात नाही. वेग पडला की ती डुलते, हँडल इकडेतिकडे होते, म्हणून सपाटीपेक्षा जागा जास्तच लागते. डावीकडे गटार, त्याच्या काठाला पावसाने आणलेली जांभ्याची लाल माती. हे सगळे त्या चार बोटांत बसवायचे! फ्रान्समध्ये सायकलला ओलांडताना शहरात एक मीटर सोडावा लागतो, शहराबाहेर दीड. आपल्याकडच्या २०१७च्या वाहनचालन नियमांतही सायकलस्वार, पादचारी, मुले, वृद्ध यांची विशेष काळजी घ्यायला सांगितले आहे. काळजी म्हणजे हॉर्न, हा अर्थ मात्र आपला स्वतःचा.

(मागे न बघता धाडकन दार उघडणारे आणि रात्री अप्पर मारून समोरच्याला आंधळे करणारे यांना वेगळे पत्र जाईल.)

नेदरलँड्सचे नाव काढले की आपण म्हणाल, तिथली माणसेच निराळी. नव्हती हो. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर ३,०००हून अधिक माणसे मेली, त्यांत ४००हून अधिक मुले. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच होते, ‘मुलांचे खून थांबवा’.

आणि इथे? चौदा वर्षांची पोर, पाठीवर दप्तर, मागून एसटी. ती उजवीकडे पडली असती तर? बोला ना! तो वडा घशाखाली उतरला असता?

उतरला नाहीच म्हणा. मुलगी सायकल हातात धरून चालत वर आली, तेव्हा आपला घास हातातच राहिला होता. पत्रलेखकाने ते पाहिले. लायसन्सच्या वेळी आपल्याकडून गाडी पुढेमागे करून घेतली असेल. सायकलीच्या मागे चढ कसा चढायचा, हे कुणी विचारले नसेल. शिवाय आपल्याही मागे कुणीतरी हॉर्न दाबून बसलेला होताच.

दुसऱ्या गिअरमध्ये तो चढ काही तासांचा नाही. ती उद्याही तिथूनच जाणार आहे, सातच्या सुमाराला.

कळावे, एक मीटर लोभ असावा.

आपला,
गटाराच्या काठाने जाणारा एक