पैलवानाची सही

सही ही किती गंभीर बाब आहे, हे आपल्याला बँकेत कळतं. चेकवरची वेलांटी जरा आखूड पडली की काउंटरपलीकडचा गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवतो, पुन्हा खाली घेतो, आणि आपण सदेह समोर उभे असताना ‘सही जुळत नाही’ असं शांतपणे सांगतो. त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने, ज्ञानेशने, अमेरिकन कुस्तीतल्या अंडरटेकरच्या सहीचा फोटो दाखवून ‘दादा, एकदम ओरिजिनल’ म्हटलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की, या अंडरटेकरचं खातं कुठल्या बँकेत? मार्क कॅलवे या खऱ्या नावाच्या टेक्सासच्या गृहस्थांचं खातं असणार. पण मार्क कॅलवेंची सही ज्ञानेशला फुकट दिली तरी नको आहे. त्याला अंडरटेकरचीच पाहिजे.

आमच्या पिढीला हे अमेरिकन पैलवान भेटले ते ट्रम्प कार्डांवर. नव्वदच्या दशकातली मधली सुट्टी म्हणजे डबा पाच मिनिटांत संपवून ‘हाइट!’, ‘चेस्ट!’, ‘बायसेप्स!’ असा पुकारा. योकोझुना हातात आला की वजन सांगायचं आणि समोरच्याचं पान घ्यायचं, याला बुद्धी लागत नसे. पुढे कार्डं हरवली, काही बाईंनी जप्त केली, आणि बाकीचे आम्ही सुधारलो. ज्ञानेशला अमेरिकेत नोकरी लागली. म्हणजे रोगी पथ्यावरून उठला आणि थेट हलवायाच्या शेजारी राहायला गेला.

सह्या जमवण्याच्या या छंदाला रीतभात आहे. फोटो आठ बाय दहा इंचांचा. गडद फोटोवर चंदेरी मार्कर, फिकटावर काळा किंवा निळा. बॉलपेन अजिबात नाही, कारण ते गुळगुळीत कागदावर उमटत नाही, नुसते चरे पाडतं. सही झाल्या झाल्या फोटो प्लॅस्टिकच्या पाकिटात सारायचा मोह आवरावा लागतो. ज्ञानेशकडच्या एका फोटोत शेवटचं अक्षर धूमकेतूसारखं शेपूट काढून कोपऱ्यापर्यंत गेलंय, आणि त्या शेपटाच्या टोकाला ज्ञानेशच्याच अंगठ्याचा ठसा आहे. कायद्याने पाहिलं तर त्या कागदावर सही पैलवानाची आणि अंगठा आमच्या घराण्याचा.

लहान गावांतल्या कुस्त्यांना पैलवान मध्यंतरात घडीचं टेबल मांडून स्वतःच स्वतःचे फोटो विकत बसतात. रिंगणात पडण्या-आपटण्याचे पैसे बेताचेच. पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल बऱ्याचदा या टेबलावर सुटतं. मोठ्या मेळाव्यांत मात्र लग्नाच्या हॉलसारखं दरपत्रक असतं: सहीचे वेगळे, शेजारी उभं राहून फोटोचे वेगळे, सहीबरोबर चार शब्द जास्त हवे असतील तर त्याचेही वेगळे. अशाच एका रांगेत एका जुन्या पैलवानाने ज्ञानेशला नाव विचारलं. वाचायचा चष्मा नाकावर, मनगटावर पट्टा, मार्कर तयार. ‘डी, एन, वाय...’ इथपर्यंत आल्यावर त्या भल्या माणसाने मान वर करून पाहिलं. ज्याने उभी हयात डोक्यावर खुर्च्या फोडून घेतल्या, तो ‘ज्ञ’पुढे चीत झाला. फोटोवर आहे, ‘टू डॅन’. नाव घातलेला फोटो बाजारात पडत्या भावाने जातो म्हणतात, कारण दुसरा डॅन शोधावा लागतो. इथे तर अमेरिकेत डॅन पुष्कळ. पंचाईत एवढीच की मालक त्यांतला नाही.

पूर्वी खलनायकाची सही मिळवणं महाकठीण. तो सही देत नसे, वर वही फाडून भिरकावून देई. आत स्वभाव गाईचा असला तरी बाहेर दुष्टपणा राखणं हा धंद्याचा धर्म होता. 1987 साली न्यू जर्सीतच एका गाडीला पोलिसांनी थांबवलं आणि आत निघाले हॅकसॉ जिम डगन आणि आयर्न शेख, म्हणजे पडद्यावरचे हाडवैरी. अमली पदार्थ सापडले ते राहिलंच बाजूला. बोभाटा झाला तो दोघे एका गाडीतून कसे याचा. दोनच वर्षांनी, 1989 साली, या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीने त्याच राज्याच्या सिनेटपुढे हे मनोरंजन आहे असं स्वतःच कबूल केलं. खेळ म्हटलं की कर आणि सरकारी देखरेख आली ना. आता खलनायक अतिशय अदबीने सही देतात. मला त्यात थोडं नुकसान वाटतं. वही फाडणाऱ्याने फाडलेली वही, ही काय कमी दर्जाची आठवण आहे?

आपल्याकडे सह्यांचा हा प्रकार फारसा रुजला नाही. मुंबईत दारासिंग आणि किंग काँग यांच्या कुस्त्यांना गर्दी लोटे. 1968 साली दारासिंगने अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं तेही मुंबईतच. ‘नुरा कुस्ती’ म्हणून नाक मुरडणारेही तिकीट काढूनच मुरडत. पण कोल्हापूरच्या तालमीत जा. भिंतीवर गदा खांद्यावर घेतलेल्या वस्तादांचे फोटो असतात, त्यांना हार असतो, उदबत्ती असते, सही नसते. वस्तादापुढे वही धरायची कुणाची छाती आहे? वाकून नमस्कार करायचा. आणि पैलवान खरा की खोटा हे पाहायचं तर त्याचा मोडलेला कान पाहावा. त्याची नक्कल करायला स्वतःचा कान द्यावा लागतो.

सह्यांचं तसं नाही. नव्वदच्या दशकाअखेरीस अमेरिकेच्या एफबीआयने खेळाडूंच्या बनावट सह्यांचा कारखानाच उघडकीला आणला. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलही होता. हे कळल्यापासून ज्ञानेश होलोग्रामचं चिकटपत्र आणि प्रमाणपत्र असल्याशिवाय हात लावत नाही. म्हणजे जो माणूस अस्तित्वातच नाही, त्याची सही त्यानेच केली आहे, असं तिसऱ्याने लिहून द्यायचं.

गेल्या उन्हाळ्यात मावशी तिकडे राहून आली. डोळे पांढरे केलेला अंडरटेकर बघून ती म्हणाली, ‘हा कोण मेला?’ ते त्याला तंतोतंत लागू पडलं. मग किंमत विचारली, आणि ऐकल्यावर, ‘एवढे पैसे घेऊन खरं नाव तरी लिहिलंय का?’

यावर ज्ञानेशने अल्टिमेट वॉरियर पुढे केला. जेम्स हेलविग या गृहस्थांनी 1993 साली कायदेशीरपणे आपलं नावच वॉरियर करून घेतलं, पुढे बायकामुलांचं आडनावही तेच. हयात असताना हा एक माणूस चेकवरही वॉरियर म्हणूनच सही करत असणार. मावशीला तो पसंत पडला.

मी संग्रह चाळत होतो. डॉइंक विदूषक कुठे दिसेना. लहानपणी ज्ञानेशचा तो जीव की प्राण. 1993च्या रेसलमेनियात एक डॉइंक लढत असताना रिंगणाखालून दुसरा निघाला, तेव्हा हा पोरगा आनंदाने पलंगावरून पडला होता. पुढे तर रंग फासून आणखी कितीजण डॉइंक झाले. म्हटलं, ‘अरे, डॉइंकची सही नाही घेतलीस?’

ज्ञानेशने वैतागून पाहिलं. ‘कुठल्या?’