जावयाची गादी कोण्या वर्गात?

मंगरूळपीर तालुक्यातलं एक गाव. मे २०२० चा पहिला आठवडा, कोरोनाची टाळेबंदी. मधात तुराट्यांचं कूड, अलीकडं काकू, पलीकडं वहिनी.

वहिनी : आयकलं काय, काकू? आपला जिल्हा हिरव्या झोनमधी आला. अख्ख्या महाराष्ट्रात सहाच. वाशीम, वर्धा, गोंदिया, गडचिरोली, उस्मानाबाद अन् सिंधुदुर्ग.

काकू : आधी पदर नाकाले लाव. हिरवा तं हिरवा, मंग एस.टी. कुठी हाये? रामनवमीले पोहरादेवीची यात्रा भरली नाही, असं माह्या जन्मात पाह्यलं नोतं.

वहिनी : जनधनचे पाचशे काढले?

काकू : काढले. ब्यांकेसमोर चुन्याचे गोल आखेल. गोलात उभं राहून पाय भरून आले.

वहिनी : अन् कुरडया?

काकू : एकटीच्यानं होतात काय वं? चीक हाटाले एक, सोऱ्या दाबाले एक, बाजीवर पाडाले एक. यंदा कोणी कोणाच्या दारात येते काय?

वहिनी : वरच्या आळीतला तो पोरगा आला म्हणे पुण्याहून. राती, आडवाटेनं.

काकू : मीच तं पोलीस पाटलाले निरोप धाडला! वाटेवर बाभळीच्या काट्या कायले टाकल्या मंग? चौदा दिवस झेडपीच्या शाळेत बसवा म्हटलं.

वहिनी : त्याची माय फाटकाबाहेर डबा ठेवते अन् लांबूनच रडते.

काकू : रडू दे. नियम म्हणजे नियम.

वहिनी : बरोबर हाये तुमचं. मंग जावईबापूची गादी कोण्या वर्गात टाकाची?

काकू : कोणाचे जावई वं?

वहिनी : तुमचेच. तुमचा फोन बंद, म्हून लेकीनं मले लावला. चाकणची कंपनी बंद हाये, पास भेटला, दोघं निघाले. सांजेलोक पोचतात.

काकू : अवं पण जावई हाये तो! शाळेत कसा झोपन? घरचा माणूस, परका थोडीच हाये! डाक्टरचा कागदही असन त्याच्यापाशी.

वहिनी : पोलीस पाटलाले निरोप मी देऊ का तुम्ही देता?

काकू : ...देतो मीच. पंखा असन त्या वर्गात बसवा म्हणतो. अन् तू पाहत काय राह्यली? गहू भिजू घाल. लेकीपुरत्या तरी कुरडया पाडू, तोंडाले पदर बांधून.

वहिनी : बरं. अजून काही?

काकू : त्या पोराच्या मायले इचार, डबा फाटकाच्या कोण्या बाजूले ठेवते म्हणा. मलेही आता रोज न्या लागन.