झाकली मूठ सव्वीस किलोची

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्यानं काढली त्याच्या काळी डायनॅमोमीटर नव्हता. आता मूठ झाकली की काटा फिरतो आणि आतला सगळा ऐवज किलोत जाहीर होतो. माझी मूठ २६ किलोची निघाली.

हे घडलं नागपुरात, आमच्या बागेतल्या आरोग्य शिबिरात. रक्तदाब झाला, साखर झाली. दोन्हींत मी काठावर का होईना, तरलो होतो. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीनं मला खुर्चीत बसवलं, कोपर काटकोनात दुमडायला लावलं आणि पकडीसारखं एक यंत्र हातात दिलं. ‘काका, जीव खाऊन दाबा.’ मी तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा तर डोळे मिटले, दात आवळले, डावा पायही आपण होऊन उचलला गेला. तिन्हींतला सर्वांत चांगला आकडा धरतात. तो २६.

‘पुरुषांना २८ लागतात, काका.’

माझ्यामागून बायको बसली. तिचे २५. बायकांची रेषा मात्र १८ वर. म्हणजे मी तिच्याहून एका किलोनं बलवान आणि नापास; ती माझ्याहून एका किलोनं दुबळी आणि विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. घरी येईपर्यंत ती अवाक्षर बोलली नाही. मी फाटकाच्या कडीला हात घातला तेव्हा एवढंच म्हणाली, ‘राहू द्या हो, मी उघडते.’

फजिती झाली की माणूस वाचायला लागतो. ही २८ आणि १८ ची रेषा आशियातल्या तज्ज्ञांच्या एका गटानं २०१९ साली आखली आहे. तिच्याखाली गेलात की स्नायू झिजत असल्याची शंका घ्यायची. या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. शब्द १९८९ चा. झीज अर्थातच त्याच्या फार आधीची. पुढे २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० माणसांचा अभ्यास आला. त्यात आपला देशही होता. मूठ ५ किलोनं ढिली असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, असा त्याचा हिशेब. शिवाय कोण लवकर जाणार हे सांगण्यात मूठ वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. हे वाचलं आणि वाटलं, इतकी वर्षं आपण अळणी खाल्लं ते चुकीच्या पेपरासाठी! मी मिठाची वाटी पुढे ओढली. बायकोनं ती मागे ओढली. २५ किलोनं.

मुठीला एवढा मान कशासाठी? तर बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये बसतात आणि कळसूत्री बाहुली नाचवावी तशी बोटं ओढतात. ते धट्टेकट्टे असले की मांड्या, पाठ, दंड इथलाही कारभार बहुधा बरा असतो. आजारपणात किंवा ऑपरेशननंतर शरीर तगतं ते स्नायूंच्या याच शिलकीवर. तिशीच्या आगेमागे ही शिलक भरपूर असते, पुढे व्याजही नाही आणि मुद्दलही घटतं. ही मोजणी काही आजची नव्हे. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन लोकांकडून तीन पेन्स घेऊन त्यांच्या मुठीचा जोर मोजायचा. आम्ही फुकटात नापास झालो, एवढीच काय ती प्रगती.

मग मी रबरी चेंडू आणला. जेवताना डाव्या हातात, पेपर वाचताना उजव्या हातात. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत चेंडू आवळत होतो. शेजारच्या गृहस्थांनी एकदा माझ्या मुठीकडे, एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. एक यंत्रही मागवून टाकलं. पंधरा दिवसांनी काटा २७ वर आला. दूधवाल्याशीसुद्धा मी हस्तांदोलन केलं.

माझा हा पराक्रम ऐकून आमचा एक गोंड मित्र म्हणाला, ‘माघ पौर्णिमेला कचारगडला चला. मुठीला हवापालट होईल.’

गाडी गोंदिया सोडून पुढे निघाली की दोन्ही अंगांना धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या लागतात. मग सालेकसा, दरेकसा, आणि जंगल जवळ येतं. धनेगावात पोचलो तेव्हा माणसांचा पूर लोटला होता. इथून वर कचारगड, गोंडांचा कोया पुनेम धर्म मानणाऱ्यांचं मूळस्थान. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगण, कुठकुठून लोक आले होते. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे, ढोल, आणि समोर येईल त्याला ‘जय सेवा!’ मीही ‘जय सेवा’ म्हणत होतो. चढ सुरू व्हायचा होता, तोवर दम भरपूर होता.

पायथ्याला झाडाखाली टेकलो आणि माझ्यानं राहवलं नाही. पिशवीतून यंत्र काढलं. पोरांचा गराडा पडला. एकानं ४६ केले, दुसऱ्यानं ४९, तिसरा आपली पाळी यावी म्हणून पहिल्या दोघांना ढकलू लागला. शेजारी एक आजी गाठोडं सोडून बसल्या होत्या. म्हटलं, आजी, तुम्ही पण बघा. त्यांनी यंत्र उलटंसुलटं केलं, भाजीवालीकडचं वांगं दाबावं तसं अलगद दाबलं. १५.

‘यातून निघते काय?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही निघत आजी. आकडा निघतो.’

‘मंग पिळू कायले, बाबू?’ आणि यंत्र माझ्या मांडीवर ठेवून त्या पाणी प्यायल्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. रोवणीच्या दिवसांत चिखलातून वाकून काम केलेला हात तो. ७० पानांचा एक असे तेंदूपत्त्याचे पुडे त्यानं किती बांधले असतील! त्या हातानं आजवर जे आवळलं त्यातून काही ना काही निघालं होतं. यंत्राला मात्र हे कळत नाही. दाबणाऱ्यानं मनावर घेतलं असेल तेवढंच ते मोजतं. नियमाप्रमाणे मात्र आजी नापास होत्या. मी २७, त्या १५. माझ्या मनात त्यांच्याविषयी करुणा दाटून आली. ती साधारण अर्धा चढ टिकली.

अर्ध्या चढावर माझी छाती भात्यासारखी वाजू लागली. गुडघे बोलू लागले, मांड्या थरथरू लागल्या, फक्त मूठ तेवढी तयारीत होती. आवळायला मात्र वाटेत काही नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शितावरून भाताची परीक्षा करतात. मूठ हे शीत. आणि मी पठ्ठ्या पंधरा दिवस चूल न पेटवता ते एकच शीत चिमटीत धरून शिजवत बसलो होतो! तज्ज्ञांनी त्याच यादीत दुसरीही परीक्षा सांगितली होती: हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं, १२ सेकंदांच्या आत. ती मी सोयीस्करपणे गाळली होती, कारण तिचा चेंडू बाजारात मिळत नाही.

एवढ्यात पाय घसरला. वरून एक हात आला आणि माझं मनगट पकडलं गेलं. ‘कायले घाबरता जी, या वरती!’ आजी होत्या. दुसऱ्या हातानं डोक्यावरचं गाठोडं सावरलेलं. मला ओढून त्या पुढे चालायला लागल्या. माझ्या मनगटावर त्यांची पाच बोटं आणि दोन बांगड्या उमटल्या होत्या. किलोत किती, ते विचारायची हिंमत झाली नाही.

वर कचारगडची गुहा. तिच्या अंधारात अंग गार झालं. मित्रानं हळू आवाजात कथा सांगितली. गोंडांच्या काली कंकाली मातेची ३३ मुलं इथं कोंडली गेली होती, तोंडावर मोठा धोंडा. हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीतानं त्यांच्या अंगात बळ आलं, सगळ्यांनी मिळून धोंडा ढकलला. आणि हिरासुका त्याच धोंड्याखाली गेला. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, ‘किती वजनाचा असेल?’ मित्र म्हणाला, ‘ते कुणी मोजलं नाही. ढकलणारे ३३ होते आणि वाजवणारा एक, एवढं ठाऊक आहे.’ मी खिशातला चेंडू आणखी आत सारला.

उतरून आल्यावर तो चेंडू पायथ्याच्या पोरांना देऊन टाकला. त्यांना तो आवळायचा असतो हे सुचलंच नाही. एकानं लाकडाची फळी आणली, दुसऱ्यानं दगड रचून स्टंप केले आणि मला जंगलाच्या बाजूला फील्डिंगला उभं केलं. त्या चेंडूनं मला पहिल्यांदाच घाम फोडला. तासभर मी त्याच्यामागे धावलो, वाकलो, उठलो, एक झेल टाकला आणि त्याबद्दल दहा वर्षांच्या कर्णधाराची बोलणी खाल्ली.

रात्री परतीच्या गाडीत सगळं अंग ठणकत होतं. मूठ तेवढी ठणठणीत होती.