पडवळ

"१७ फूट," विक्रेता फोनवर म्हणाला, आणि मी टेप घेऊन आमचा डोंबिवलीचा हॉल मोजला. १३. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, तर होडीचं नाक बरोबर शेगडीवर येत होतं. "मग कुकर कुठे लावू?" एवढाच प्रश्न घरून आला. त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

कयाक हा शब्द उलटा वाचला तरी कयाकच राहतो. ही सोय शब्दापुरती. आत बसलेला माणूस उलटा झाला की काय होतं, ते मी एका जलक्रीडा केंद्रावर छातीइतक्या पाण्यात अनुभवलं. समुद्री कयाकला मधोमध भोक असतं. त्यात पाय लांब करून बसायचं आणि कमरेभोवतीचा रबरी परकर ताणून भोकाच्या काठावर बसवायचा, म्हणजे लाटेचं पाणी आत येत नाही. होडी उलटली तर परकराची पुढची पट्टी ओढायची आणि खाली डोकं वर पाय अशा अवस्थेत बाहेर सरकायचं. मी पट्टी ओढली. परकर सुटला, मी सुटलो नाही. दोन जणांनी मला होडीसकट सरळ केलं. शिकवणारा पोरगा मोठ्या अदबीनं म्हणाला, "काका, तुम्ही एक साइज मोठी बघा."

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना साइज बघावी लागत नसे. ते होडी अंगावरच बेतत. पसरलेल्या दोन्ही हातांच्या तिप्पट लांबी, कमरेच्या रुंदीत दोन मुठी मिळवून रुंदी, आणि वरून सीलचं कातडं. मीही माप काढलं. लांबी साडेसोळा फूट, अगदी शोभेलशी. रुंदी तराफ्याची आली.

मग घडीची कयाक पाहिली. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन १९३२ मध्ये असल्याच होडीतून निघाला, आपल्या पश्चिम किनाऱ्यानं वल्हवत गेला आणि १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं. सात वर्षं वल्हवून आलेल्या या पाहुण्याला शत्रू म्हणून छावणीत टाकलं. त्याचं काही का होईना, माळ्यावर मावणारी होडी हे मला पटलं. किंमत ऐकल्यावर माळा रिकामाच बरा दिसायला लागला.

शेवटी १४ फुटी, प्लास्टिकची, कोणीतरी वापरलेली एक मिळाली. ती गावी, मालवणजवळ नेली. शेजारचे तात्या जन्मभर मासेमारी केलेले. त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं.

"हिची उलांडी खंय?"

उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून दोन दांड्यांनी बाजूला बांधलेला ओंडका. ती नसतेच, म्हटल्यावर तात्यांनी निकाल दिला, "मगे ही होडी नाय, ह्यां पडवळ."

पडवळ पाण्यात डुगडुगतं, हे खरं. पण रुंद, सपाट बुडाची होडी लग्नात गोड बोलणाऱ्या नातेवाइकासारखी असते. शांत पाण्यात काय तो आधार! लाट तिरकी झाली की तीही लाटेबरोबर तिरकी. अरुंद होडी आमच्या आत्यासारखी. बसल्या क्षणापासून कुरकुर, पण एका कुशीवर कलली की तिथे ठाम. आत्याही दवाखान्यात डबा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असते.

म्हणून आत्या घेतली. रुंदी २४ इंच, वजन २५ किलो, म्हणजे तांदळाचं अर्धं पोतं. भोक मोठं. प्लास्टिक असल्यानं खडकावर घासली तरी जीव हळहळत नाही. पुढचे-मागचे कप्पे आतून भिंतींनी बंद आहेत का, ते मात्र झाकणं उघडून, आत हात घालून पाहिलं. ते नसले तर पाणी भरलेली कयाक वर काढणं म्हणजे भरलं पिंप उचलणं. रंग, सीट, बाटली ठेवायची खाच यांत नवशिक्यानं हवं तेवढं रमावं, पण आधी आत हात घालावा.

सौदा झाला मेच्या अखेरीस. १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या गेल्या, माझीही तात्यांच्या खळ्यात गेली. नारळी पौर्णिमा उलटल्यावर रजा टाकून गेलो, तर भोकात तात्यांची कोंबडी खुडूक बसलेली. दोन्ही बाजूंनी ऐसपैस जागा. २१ दिवस पडवळ हलवायचं नाही, असं तात्यांनी बजावलंय.

आज सोळावा.